डाव्या कोपऱ्याचा हात

एका रविवारी मी मिलिंदच्या घरी गेलो, पाणी प्यालो, त्याच्याशी दहा मिनिटं बोललो आणि परत आलो. त्यानंतर तो मैदानावर आला नाही.

त्या दहा मिनिटांत मी काय बोललो, हे आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. मिलिंद या वर्षी होळीनंतर गेला. मेंदूत रक्तस्राव झाला, तीन दिवस दवाखान्यात होता, शुद्धीवर आलाच नाही. म्हणजे ज्याला सांगायला हवं होतं तो उरला नाही, आणि मी आता लिहायला बसलो आहे. यात धाडस काहीच नाही — ते मला कळतं.

मला रडू येत नाही. चार महिने झाले. वेळेवर जेवतो, शंकर नगरच्या ऑफिसात जातो, फायली पुढे सरकवतो. सकाळी दोन ओळी लिहितो आणि थांबतो. दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा वाचतो. तर हे असंच, अडखळत येणार आहे. तुम्ही ऐकाल, एवढं धरून चालतो.

आधी आमच्या संघाबद्दल सांगायला हवं. भनपुरीत ट्रक उभे राहतात त्या पट्ट्याच्या मागे एक मातीचं मैदान होतं, तिथे आमची कबड्डी चालायची. उरला औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमधले कामगार, दोन ट्रक ड्रायव्हर, रेल्वेत नोकरीला असलेला मिलिंद आणि मी. मराठी आम्ही दोघंच, बाकीचे हिंदी नाही तर इकडची बोली बोलायचे. कप्तान बिसाहू भैया. मिलमध्ये भट्टीजवळ काम करणारा माणूस, हातावर भाजल्याचे डाग, बोलणं कमी. मला सगळे ‘प्रोफेसर’ म्हणत, कारण प्रवासात माझ्या पिशवीत पुस्तक असायचं. स्पर्धांचे प्रवेशअर्ज भरणं, बारा खेळाडूंची नावं लिहून देणं, हे काम माझ्याकडे. खेळात मी मध्यम होतो. मध्यमाच्याही जरा खाली.

तरी मी पहिल्या सातांत होतो, आणि ते मिलिंदमुळे. कबड्डीत बचाव करणारे दोन-दोन जण एकमेकांचा हात धरून उभे राहतात, हे तुम्ही पाहिलं असेल. मिलिंद डाव्या कोपऱ्यात उभा राहायचा. मी त्याच्या शेजारी, त्याचा हात धरून. चढाई करणारा जवळ आला की मिलिंद जवळजवळ आडवा होऊन त्याच्या घोट्याकडे झुकायचा. एवढं झुकता यायचं, कारण त्याचा सगळा भार माझ्या हातावर असायचा. मी घट्ट उभं राहायचं, तो झेपावेपर्यंत हात सोडायचा नाही. बस, माझं काम तेवढंच. सहा वर्षं मी ते नीट केलं. त्याच्या तळहातावर करंगळीखाली एक घट्टा होता, तो मला पाठ होता.

प्रेक्षक ओरडायचे. प्रत्येक गावात, प्रत्येक जोडीला. ‘ए जोड़ी! शादी कब है रे?’ सगळे हसत, आम्हीही. मिलिंद एकदा मैदानातूनच ओरडला होता, ‘तेरी बहन मान जाए तब!’ आणि पंचांनी त्याला ताकीद दिली होती.

आता पुढचं.

हिवाळा होता. सराव संपवून आम्ही दोघं पायाच्या पट्ट्या सोडत बसलो होतो. मिलिंद पट्टी गुंडाळता गुंडाळता म्हणाला, ‘सुधीर, मले पोरी नाई आवडत. कधीच नाई आवडल्या. मले पोट्टे आवडतात. तुले सांगून राहिलो, बस.’ मग तो माझ्याकडे बघून म्हणाला, ‘घाबरू नको बे. तुह्या थोबाडाकडे पाहून कोणालेच काही होत नाई.’

मी हसलो. ‘ठीक आहे रे,’ म्हणालो. ‘त्यात काय.’ असंच काहीतरी म्हणालो. कोर्टाने कायदा बदलल्याची बातमी मी वाचली होती, त्यावरचे लेख वाचले होते, ऑफिसात एकाशी वादही घातला होता. वाचताना मी नेहमी योग्य बाजूला असतो. तुमचंही असं होतं का?

घरी गेलो, हात धुतले. जेवायच्या आधी धुतोच. पण त्या दिवशी धुताना माझं हाताकडे लक्ष गेलं. हे लिहायला मला तीन सकाळी लागल्या.

पुढच्या आठवड्यात एका गावच्या मड़ईत सामना होता. कापणीनंतर इकडे जत्रा भरतात, त्यांना मड़ई म्हणतात. जत्रेत कबड्डी असते आणि सगळं गाव कडेला बसलेलं असतं. शेवटची काही मिनिटं होती, आम्ही एका गुणाने पुढे. समोरचा चढाईला आला आणि आमच्या कोपऱ्याकडे वळला. मिलिंद झुकला. त्याच वेळी मागून कुणीतरी ओरडलं — ‘ए जोड़ी! शादी कब है?’ रोजचंच वाक्य. ओरडणाऱ्याला काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

मी हात सोडला.

मिलिंद गुडघ्यावर पडला. चढाई करणाऱ्याने त्याला शिवलं, मी भांबावून पुढे आलो होतो, मलाही शिवलं आणि परत गेला. दोन गुण. आम्ही हरलो. मिलिंद उठून लंगडत आला आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, ‘घामानं सटकला का? होते.’ मी म्हणालो, ‘हो.’

बिसाहू भैयाला ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी शिफ्ट संपवून तो सरळ माझ्या ऑफिसच्या फाटकाशी आला. अंगावर मिलची धूळ तशीच. विचारलं, ‘हाथ ल काबर छोड़े?’ हात का सोडलास. एवढंच. आता इथे मी काय काय म्हणू शकलो असतो? घाम होता म्हणालो असतो. घाबरलो म्हणालो असतो — ते तर खरंच होतं. मी काय म्हणालो? मिलिंदने मला विश्वासाने जे सांगितलं होतं ते मी फाटकापाशी उभं राहून, माझ्या चुकीचं कारण म्हणून, सांगून टाकलं.

बिसाहू भैयाने हातावरची धूळ झटकली. मग ‘हव’ म्हणाला आणि सायकल घेऊन गेला. ‘हव’ म्हणजे हो. कशाला हो, ते कळलं नाही.

इथपर्यंतचंही पुरेसं वाईट आहे. पण मला सांगायचं आहे ते हे नाही. हे मी मिलिंदला कदाचित सांगितलंही असतं आणि त्याने चार शिव्या देऊन सोडलंही असतं.

गुरुवारी संध्याकाळी बिसाहू भैयाने सगळ्यांना भनपुरीच्या चौकातल्या चहाच्या टपरीवर बोलावलं. मिलिंद सोडून सगळे. त्याने दोन वाक्यांत सांगितलं. मग रमेश, आमचा चढाईवाला, ट्रक चालवायचा, तो म्हणाला, ‘मैं तो उसको नहीं पकड़ूँगा भैया, पहले ही बोल देता हूँ।’

बिसाहू भैया म्हणाला, ‘तोला पकड़े बर कोन कहत हे? तैं रेडर हस।’ तुला धरायला कोण सांगतंय, तू तर चढाईवाला. सगळे हसले. रमेशही हसला. दुसरा एक म्हणाला, ‘नहाते तो सब साथ में हैं…’ त्यावर रमेशच म्हणाला, ‘तेरे को देख के तो भैंस भी मुँह फेर लेती है, तू टेंशन मत ले।’ एक जण तेवढा शेवटपर्यंत कुरकुरत राहिला — पब्लिकला कळलं तर, गावात कळलं तर. बिसाहू भैयाने त्याला विचारलं, ‘पब्लिक को बताएगा कौन? तू?’

मग बिसाहू भैया बोलला. तो इतकं सलग बोललेला मी त्याआधी ऐकला नव्हता. सहा वर्षं त्याच्यासोबत जेवलो, एका सतरंजीवर झोपलो, कुणाचं काय बिघडलं? ‘बने खेलथे। त खेलही।’ चांगला खेळतो, तर खेळणार. विषय संपला. बाहेर कुणी बोलायचं नाही, त्याला कुणी चिडवायचं नाही.

ते काही थोर लोक नव्हते. त्यांनी असलं काही वाचलेलं नव्हतं. त्यांना डाव्या कोपऱ्यात मिलिंद हवा होता, आणि त्याची सवय झालेली होती. त्यांच्यासाठी तेवढं पुरलं.

चहा संपता संपता बिसाहू भैया माझ्याकडे वळला. ‘प्रोफेसर, तैं जा. तैं ओखर संगवारी हस. कह देबे, इतवार के आ जाही।’ तू त्याचा मित्र आहेस, तूच जा, रविवारी ये म्हणून सांग. आणि मग विचारलं, ‘ओखर बाजू म तैं खड़े होथस. तोला कुछु दिक्कत हे का?’ त्याच्या शेजारी तू उभा राहतोस, तुला काही अडचण आहे का.

सगळे माझ्याकडे बघत होते. रमेशने तर उघड सांगितलं होतं की त्याला अडचण आहे, आणि सांगून, हसून, मोकळा झाला होता. मला कुणी काही केलं असतं का? फार तर बिसाहू भैयाने माझी जागा बदलली असती.

‘नइ,’ मी म्हणालो. मला काय अडचण असणार?

रविवारी सकाळी सराव होता. मी मिलिंदकडे त्याआधी गेलो.

रेल्वे क्वार्टरमधलं त्याचं घर. मावशींनी, म्हणजे त्याच्या आईने, पाणी दिलं आणि त्या आत गेल्या. मिलिंद खाटेवर बसला होता. पडल्यामुळे गुडघा सुजला होता, त्यावर हळद लावून फडकं बांधलेलं होतं. तो म्हणाला, दोन दिवसांत उतरेल. मी म्हणालो, ‘त्यांना कळलं.’ त्याने विचारलं, ‘कसं?’ मी म्हणालो, ‘माहीत नाही.’ त्याने ते मला एकट्यालाच सांगितलं होतं, तरी पुढे काही विचारलं नाही.

मग म्हणालो, ‘ते नको म्हणतात.’

हे ते. हेच मी सात वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. संघ हो म्हणाला होता. मी जाऊन सांगितलं, संघ नाही म्हणाला.

मिलिंद थोडा वेळ फडक्याची गाठ चाचपत राहिला. मग त्याने विचारलं, ‘बिसाहू भैया बी?’

इथे मला थांबता आलं असतं. ‘भैयाचं माहीत नाही’ एवढं तरी. त्याच्यासाठी एक दार किलकिलं राहिलं असतं.

‘भैयानेच ठरवलं,’ मी म्हणालो.

मग मीच सुचवलं की आपण गुडघ्याचं कारण सांगू. गुडघा गेला, डॉक्टरने खेळू नको म्हटलं. कुणी काही विचारणार नाही, तुझी बदनामी नाही, नोकरीवर काही नाही. मी सगळं ठरवूनच गेलो होतो, नीट, अर्ज लिहावा तसं. तो म्हणाला, ‘बरं.’ आणि मी निघताना दारापर्यंत आला. म्हणाला, ‘तू होता म्हनून बरं झालं. दुसऱ्या कोणाकडून आयकलं असतं तं…’

का केलं? हे तुम्ही विचारणारच. मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे आणि उत्तर दरवेळी तेवढंच येतं. मला त्याचा हात धरून शेकडो लोकांसमोर उभं राहायचं नव्हतं. आणि मला ते नको आहे हे कुणाला कळायलाही नको होतं. बिसाहू भैयाच्या डोळ्यांत मी रमेशपेक्षा लहान ठरायला नको होतो. मिलिंदच्या डोळ्यांत तर नाहीच. माझ्यातच तसं काही होतं का, अशी शंका तुम्हाला येईल. नव्हतं. असतं तर ही गोष्ट थोडी तरी बरी दिसली असती.

तिथून मैदानावर गेलो आणि दुसऱ्या बाजूला दुसरं सांगितलं. गुडघा कामातून गेला आहे. शिवाय तुम्हाला कळलंय म्हणून त्याला फार लाज वाटते आहे, तेव्हा तो विषय त्याच्याजवळ काढू नका, घरीही जाऊ नका. बोललातच तर गुडघ्याचं बोला. बिसाहू भैया घरी जायला निघाला होता, मी त्याला अडवलं. तो म्हणाला, ‘ठीक हे. फेर नाव झन काटबे।’ त्याचं नाव मात्र कापू नकोस. पुढे दोन वर्षं प्रत्येक स्पर्धेच्या अर्जावर बारावं नाव मिलिंदचं होतं. माझ्या अक्षरात. त्याला हे कधी कळलं नाही.

माझ्या लग्नात ते समोरासमोर आले. मिलिंद मुद्दाम लवकर आला होता, संघातले लोक यायच्या आत जेवून निघायचं म्हणून. हात धुवायच्या नळापाशी बिसाहू भैया पुढ्यात आला. मी स्टेजवरून पाहत होतो. भैयाने हात जोडले, काहीतरी विचारलं, मिलिंदने मान हलवली आणि तो निघून गेला. चांगला चालत आला होता, जाताना लंगडत गेला.

नंतर भैया मला म्हणाला, ‘मैं पूछेंव, घुटना कइसे हे. ओहा कुछु नइ कहिस।’ गुडघा कसा आहे विचारलं, त्याने काही सांगितलंच नाही. मीच सांगितलं होतं ना, गुडघ्याचंच बोला म्हणून? त्याने तेवढंच विचारलं होतं, फार जपून. आणि आठवड्याने मिलिंद मला म्हणाला, ‘पाहिलं? भर लग्नात टोमणा मारला त्यानं. गुडघा कसा हाय म्हने.’

मी ऐकून घेतलं. ‘जाऊ दे,’ म्हणालो.

असे प्रसंग आणखीही आहेत, पण एवढ्यावरून कळेल. मी दोघांचाही मित्र राहिलो. मिलिंद माझ्याकडे यायचा, माझ्या मुलीला खांद्यावर बसवायचा. कधी सहज विचारायचा, ‘अजून खेळतात का ते?’ मी म्हणायचो, खेळतात. त्याच्या आयुष्यात पुढे कुणी आलं का, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. त्याने पुन्हा कधी सांगितलं नाही. मला एकट्याला त्याने सांगितलं होतं, आणि त्याचं पुढे काय झालं हे त्याने पाहिलं होतं. म्हणजे जेवढं मी त्याला पाहू दिलं तेवढं.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी बिसाहू भैया आला. रमेश आणि आणखी दोघं सोबत. भैयाचे केस सगळे पांढरे झाले आहेत. वंदना चालू असताना ते मागे भिंतीला टेकून बसले, कुठे हात जोडायचे ते दुसऱ्यांकडे पाहून पाहून जोडत होते. मावशींनी मला हळूच विचारलं, ‘हे कोन होय?’ मी म्हणालो, मैदानावरचे. त्यांनी बघितलं. म्हणाल्या, ‘एवढे दिवस कुठं होते मंग?’

मी म्हणालो, ‘शिफ्ट असते, मावशी.’

बाहेर चपला घालताना बिसाहू भैयाने माझा दंड धरला. ‘हमर ले कुछु गलती होगे रिहिस का, प्रोफेसर? एक बार तो आतिस।’ आमच्याकडून काही चुकलं का, एकदा तरी आला असता. मिलिंद जाऊन तेव्हा सात दिवस झाले होते. आता मला कुणाची भीती होती? कुणाचा हात धरायचा होता?

‘नइ भैया,’ मी म्हणालो. ‘घुटना।’

रमेश म्हणाला, ‘घुटने की तो माँ की…’ आणि एकदम गप्प झाला, घरात बायका होत्या म्हणून. चौघं गेले.

मावशी अजून त्याच क्वार्टरमध्ये आहेत, पुढच्या महिन्यात ते सोडावं लागेल. सामान हलवायला मी जाणार आहे, त्यांनी मलाच सांगितलं आहे. त्या सगळ्यांना सांगतात की त्यांच्या पोट्ट्याला एकच मित्र होता. टपरीवर त्या गुरुवारी होते त्यांपैकी चौघं अजून भनपुरीत आहेत. चौघांचे नंबर माझ्या फोनमध्ये आहेत. हे मी मराठीत लिहिलं आहे. त्यांच्यापैकी कुणी मराठी वाचत नाही.